कर्नलबाईंची सुनावणी

श्रीनाथ सामंतांच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, पण बायको त्याच्या घरात राहायला आली ती यंदाच्या मे महिन्यात. लग्नात काही खोट नव्हती. मुंडावळ्या बांधून, दोन्हीकडचे मामा उभे करून, अक्षता उधळून झालेलं रीतसर लग्न होतं. फक्त नवरी सैन्यात होती आणि नवऱ्याचं पोट मसाल्यांवर होतं. मृणालिनी सैन्याला पीठ, डाळ, तेल, डिझेल पोचवणाऱ्या खात्यात अधिकारी, आणि श्रीनाथ मसाल्याच्या कंपनीत तिखटाची प्रत तपासणारा. पहिली काही वर्षं तो तिच्या मागोमाग जोधपूर, पठाणकोट, तेजपूर असा फिरला. छावणीत त्याला स्वतःचं नाव नव्हतं. 'मॅडमचे मिस्टर' एवढीच ओळख. अधिकाऱ्यांच्या बायकांच्या चहापानालाही त्याला बोलावणं असायचं, आणि तो बिचारा जायचासुद्धा. त्या घोळक्यातला तो एकटा मिशीवाला.

पुढे मुलीची शाळा सारखी बदलायला लागली. अशात त्याला दुबईची नोकरी चालून आली, आणि सात वर्षांच्या श्रियाला घेऊन तो इकडे आला. दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका टॉवरमध्ये बाप-लेकीचा संसार उभा राहिला. श्रीनाथ पोळ्या लाटायला शिकला, वेणी घालायला शिकला, शाळेच्या मीटिंगला आयांच्या रांगेत बसायला तर तो आधीपासूनच सरावलेला होता. मृणालिनी सुट्टीवर यायची, चार दिवस घर भरल्यासारखं व्हायचं, आणि मग विमानतळावर तिघंही उगाचच मोठमोठ्याने हसत निरोप घ्यायची.

ती कर्नल म्हणून निवृत्त झाली आणि कायमची आली, तेव्हा श्रीनाथच्या आनंदाला पारावार उरला नाही. तिचा व्हिसा त्यानेच काढला. अर्जात तिच्या व्यवसायापुढे 'गृहिणी' असं पडलं ते वाचून तो ऑफिसात एकटाच हसला. तीस वर्षं जिच्या सहीने ट्रक हलत होते ती आता त्याच्या सहीने देशात शिरणार होती. हे त्याने तिला सांगितलं तेव्हा तीही हसली आणि म्हणाली, "येस सर."

मग त्याने तिला आराम द्यायचं मनावर घेतलं. या गृहस्थाचं प्रेम असं होतं की समोरच्याला पायसुद्धा खाली ठेवू द्यायचं नाही. सकाळचा चहा तिच्या हातात. डबा, भाजी, इस्त्री, श्रियाची फी, वॉशिंग मशीनवाल्याशी हुज्जत, सगळं तो नऊ वर्षं करत होता तसंच करत राहिला. ती उठायला लागली की म्हणायचा, "बस गं मृणाल, आयुष्यभर उभी होतीस." ती बसायची. वाचायची. संध्याकाळी ऊन उतरलं की तळ्याभोवती फेऱ्या मारायची. सुपरमार्केटमध्ये मात्र तिचा जीव खालीवर व्हायचा. "पाच दिरहमला मेथीची जुडी? म्हणजे सव्वाशे रुपये! श्री, सव्वाशे रुपयांत मी एका जवानाला दिवसभर जेवू घातलंय." मेथी मग तोच टोपलीत टाकायचा.

संध्याकाळी ऑफिसातून आलं की दार ती उघडायची. एवढ्याशा गोष्टीचं त्याला किती अप्रूप होतं ते त्यालाच माहीत. किल्ली खिशात असूनही तो घंटी वाजवायचा.

एकदा श्रिया त्याला म्हणाली होती, "बाबा, आई आस्क्स मी बिफोर ओपनिंग द फ्रिज. इट्स काइंड ऑफ वीअर्ड."

"अगं, आर्मीतली शिस्त असते ती," श्रीनाथ म्हणाला, आणि मनात म्हणाला, किती छान रुळली आपली बायको.

अशा सुखात मंडळाने पाचर मारली.

इथल्या मराठी मंडळाची एक मदत समिती होती. गेल्या वर्षी एप्रिलात दुबई-शारजात धो धो पाऊस झाला आणि रस्त्यांचे तलाव झाले, तेव्हा ती स्थापन झाली. शारजात कित्येक इमारतींची वीज गेली, लिफ्ट बंद पडल्या, वरच्या मजल्यांवर म्हातारे आईवडील अडकले. सरकारी बचाव पथकं आपलं काम करत होतीच. पण कुणाकडे औषध संपलंय, कुणाला डबा हवाय, कुणाची बाळंतीण एकटी आहे, हे हुडकून माणसं जोडून द्यायचं काम मंडळाच्या लोकांनी केलं. आणि त्या समितीचे पहिले प्रमुख झाले मेजर राजन.

मेजर राजन मुलाकडे राहायला आलेले, सैन्यातून नुकतेच निवृत्त झालेले सद्गृहस्थ. माणूस मनाने सोन्यासारखा, पण गळ्यात शिट्टी. त्यांनी कार्यकर्त्यांना भल्या पहाटे शारजातल्या रोल्ला भागातल्या एका पार्किंगमध्ये रांगेत उभं करून हजेरी घेतली. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर प्रत्येक सूचनेखाली 'रॉजर' लिहिणं सक्तीचं केलं, आणि गुलाबाची फुलं पाठवणाऱ्या सदानंदकाकांना ग्रुपमधून काढलं. सदानंदकाका सत्तरीचे, गुडघ्यांनी हैराण. त्यांना डबा घ्यायला मजल्यानुसार रांगेत यायला सांगितलं. काकांनी दोन दिवस बिस्किटं खाल्ली, पण रांगेत गेले नाहीत. बघता बघता समितीत मेजर राजन आणि शिट्टी एवढेच उरले. पुढे ते नाशिकला परत गेले, आणि मंडळाने सुटकेचा निःश्वास टाकून नियम केला.

नियम केला तो चंद्रहास पेंडशांनी. पेंडसे एका कंपनीत कायदा-सल्लागार. जगातल्या सगळ्या संसदांची त्यांना घरच्यासारखी माहिती. अमेरिकेत असा कायदा आहे की सैन्यातून नुकत्याच निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याला संरक्षणमंत्री होता येत नाही. मध्ये काही वर्षं जावी लागतात. सैन्यावर हुकमत नागरिकाची हवी, आणि वर्दी अंगावरून उतरली तरी मनावरून उतरायला वेळ लागतो, असा त्यामागचा विचार. अगदीच गरज पडली, तर तिथली काँग्रेस खास कायदा करून त्या एका माणसाला सूट देते. पेंडशांनी हे सगळं जसंच्या तसं मंडळाच्या घटनेत आणून बसवलं: सैन्यातून निवृत्त झाल्यावर तीन वर्षं मदत समितीचं प्रमुखपद नाही, सूट हवी तर सर्वसाधारण सभेत सुनावणी आणि तीन चतुर्थांश मतं. मंडळाची सगळी उलाढाल म्हणजे एक गणपती, एक दिवाळी पहाट आणि ही समिती. पण घटना मात्र अमेरिकेच्या तोडीची.

राजन यांच्यानंतरचे प्रमुख कॅनडाला निघाले, आणि मंडळाच्या अध्यक्षा शर्वाणी एका संध्याकाळी पेढ्यांचा बॉक्स घेऊन सामंतांकडे हजर झाल्या.

"मॅडम, तुम्ही हव्यातच," शर्वाणी म्हणाल्या. "विंटर येतोय, पुन्हा पाऊस झाला तर आमच्याकडे कुणी नाही. तुम्ही आसामात अख्ख्या जिल्ह्याला फ्लडमध्ये रेशन पोचवलंत म्हणे. हमारे तो बस चारशे फॅमिलीज हैं. वेव्हरचं, म्हणजे नियमातून सूट मिळवायचं, मी बघते, जनरल बॉडी माझ्या हातात आहे. इन्शाल्ला होऊन जाईल."

मृणालिनीने पेढा हातात धरून ठेवला. तिचे डोळे जरा मोठे झाले होते. गेल्या पाच महिन्यांत श्रीनाथने ते असे पाहिले नव्हते. मग तिने त्याच्याकडे वळून विचारलं, "श्री, मी करू का?"

"तुला वाटतंय तर कर की," श्रीनाथ म्हणाला.

खरं सांगायचं तर त्याला ते अजिबात नको होतं. सव्वीस वर्षं त्याने ही बाई देशाला उसनी दिली होती. आता कुठे ती परत मिळाली होती, आणि आता तिला मंडळ मागत होतं. तिने हे काम घेतलं की फोन, मीटिंगा, याद्या, शारजाच्या वाऱ्या. दार पुन्हा त्यालाच किल्लीने उघडावं लागणार. तिला 'नको करूस' म्हणायची त्याची छाती नव्हती, आणि असं म्हणणं त्याला शोभलंही नसतं. पण मंडळानेच नाही म्हटलं तर? तर कुणाचाच दोष नव्हता.

आणि योग असा की पेंडशांचा फोन आला. "सामंत, हिअरिंगमध्ये आपल्याला एक विटनेस लागणार. मॅडम सिव्हिलियन लाइफमध्ये किती सेटल झाल्यात, हे सांगणारा. तुमच्याशिवाय कोण सांगणार, हबीबी?"

म्हणजे सगळं त्याच्याच तोंडात येऊन पडलं. चार गमतीचे किस्से सांगायचे. ती घरात कशी हुकूम सोडते, श्रियाला कसं सावधान उभं करते, डाळीच्या डब्यांची कशी परेड घेते. लोक खदाखदा हसतील, त्यांना मेजर राजन आठवतील, आणि सूट बारगळेल. मृणालिनीलाही राग येणार नाही. ती गमतीला हसणारी बाई होती. श्रीनाथ मनात हे जुळवत बसला आणि त्याला स्वतःची थोडी लाज वाटली. पण मोह मोठा होता.

अडचण वेगळीच निघाली. किस्से आठवेनात. जुने होते पुष्कळ. सुट्टीवर यायची तेव्हा पहिल्याच दिवशी ती बाथरूमची फडताळं आवरायची, श्रियाला पहाटे धावायला काढायची, "सामंत, हा काय पसारा!" असं ओरडायची. पण या पाच महिन्यांतलं काही केल्या सुचेना. शेवटी त्याने ठरवलं, उभं राहिल्यावर सुचेल.

रविवारी दुपारी दुबईतल्या ऊद मेथा भागातल्या एका हॉलमध्ये सभा भरली. बटाटेवडे झाले, चहा झाला, मुलं मागे फुगे फोडत होती. पेंडसे टेबलामागे बसले होते, आणि सुनावणीसाठी त्यांनी खास टाय लावला होता. श्रिया मोबाईल घेऊन कोपऱ्यात. मृणालिनी पहिल्या रांगेत ताठ बसली होती. निळी साडी, केस घट्ट बांधलेले. सदानंदकाका मुद्दाम दाराजवळ बसले, म्हणजे निकाल मनाविरुद्ध लागला तर लगेच निघून जाता येईल.

शर्वाणींनी छान भाषण केलं. मग पेंडशांनी श्रीनाथला माइकपाशी बोलावलं. "मिस्टर सामंत, ओथ वगैरे नाही, पण खरं बोला हं. पाच महिन्यांत मॅडमनी घरात हुकूम सोडला, असा एखादा इन्सिडन्स?"

श्रीनाथने तोंड उघडलं. आत्ता सुचेल म्हणून थांबला. सभा वाट बघत होती, आणि पहिल्या रांगेतून मृणालिनी त्याच्याकडे शांतपणे बघत होती. त्या नजरेसमोर रचून सांगणं त्याला जमणारं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला.

"एकही नाही?"

"एकही नाही."

सभेत कौतुकाची कुजबुज झाली. शर्वाणींनी मागे वळून सगळ्यांकडे विजयी मुद्रेने पाहिलं. पेंडसे खुश झाले. "आवाज चढवला? मुलीला टाइमटेबल लावलं?"

"नाही. ती सगळं विचारूनच करते. एसी लावू का, फ्रिज उघडू का, असं."

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "आमच्या हिलाही पाठवा रे आर्मीत!" त्यावर आणखी हशा. श्रीनाथ मनातून हिरमुसला. चार किस्से सांगून बुडवायला आलेला माणूस स्वतःच्या हाताने सूट मिळवून देत होता.

"किचन?" पेंडशांना आता रंग चढला होता. "किचनमध्ये काही रीऑर्गनायझेशन? डबे वगैरे?"

"छे. डबे जिथे होते तिथेच आहेत. एकही हलवलेला नाही."

आणि मागच्या रांगेतून एक खणखणीत आवाज आला. "काय सांगता!"

त्या कमलिनीकाकू, पेंडशांची बायको. संसदांचं त्यांना काही कळत नव्हतं, पण संसारातलं सगळं कळत होतं. त्या उभ्याच राहिल्या. "पाच महिन्यांत एकही डबा हलवला नाही? अहो, माझ्या सुनेने चार दिवसांत माझा गोडा मसाला वरच्या फळीवर नेला. बाई घरात राहायला आली की आधी डबे हलतात. ही राहते तरी का तुमच्या घरात, की पाहुणी म्हणून उतरलीय?"

पुरुष हसले, पण बायका हसल्या नाहीत. त्यांच्या रांगांमध्ये एकदम शांतता झाली, आणि ती शांतता श्रीनाथच्या अंगावर आली. पाहुणी! सकाळचा चहा, 'बस गं', 'मी करतो ना', फ्रिज उघडू का. पाच महिने तो ज्याला सुख समजत होता त्या सगळ्याकडे काकूंनी बोट दाखवलं होतं, आणि आता त्याला त्यात दुसरं काही दिसेना.

"कमल, यू आर आउट ऑफ ऑर्डर," पेंडसे पुटपुटले.

"मला बोलायचंय," मृणालिनी म्हणाली आणि उठली. माइक तिने घेतला नाही. तिला तो कधीच लागला नव्हता.

"काकू बरोबर बोलल्या. आमच्याकडे एक रीत आहे. नव्या ठिकाणी बदली झाली, की आधीचा माणूस चार्ज देतो. स्वतः सगळीकडे फिरवतो, एकेक वस्तू दाखवतो आणि म्हणतो, आजपासून तुमचं. तोवर आपण चमचासुद्धा हलवायचा नाही. आपली रँक कितीही मोठी असू दे." ती श्रीनाथकडे वळली. "हे घर श्रीनाथने नऊ वर्षं एकट्याने चालवलं. उत्तम चालवलं. मी आले त्या दिवसापासून वाट बघतेय की तो मला चार्ज देईल. अर्धा तरी. त्याने दिला नाही, आणि मागायचा मला धीर झाला नाही. कारण इतकी वर्षं मी नव्हते. कुठल्या तोंडाने मागू?"

श्रिया मोबाईल खाली ठेवून आईकडे बघत होती.

"तेव्हा पेंडसेसाहेब, मी हुकूम सोडत नाही म्हणून मी सिव्हिलियन झाले, असं कृपा करून लिहू नका. मी अजून वर्दीतलीच रीत पाळतेय. मला घरातला डबा हलवायला हुकूम लागतो. आणि तुमचा नियम चांगला आहे. माझ्यासारखीसाठीच केलेला आहे. आता मतं घ्या."

मतं घेतली. प्रत्येकाला एक मत, आणि ज्यांच्या घरची सुनावणी त्यांना नाही. हात बरेच वर गेले. सदानंदकाकांचाही गेला, याचं सगळ्यांना नवल वाटलं. पण बायकाच खाली हात ठेवून बसल्या, कमलिनीकाकूंसह. तीन चतुर्थांश काही भरले नाहीत.

"अगं, तू विरोधात?" पेंडशांनी न राहवून विचारलं.

"आधी घर मिळू दे तिला. समिती कुठे पळून जातेय!" काकू म्हणाल्या आणि रिकाम्या कपांचे ट्रे उचलायला लागल्या.

प्रमुखपद मग रुचाच्या गळ्यात पडलं. रुचा दातांची डॉक्टर, तिशीतली, हुशार पण घाबरट. "मला काही येत नाही हो," ती शर्वाणींना सांगत होती, तेवढ्यात मृणालिनी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"रुचा, कार्यकर्ती व्हायला नियमाची आडकाठी नाही. मी तुझ्या हाताखाली काम करते. तुला माझ्याकडून काय हवंय ते तू सांगायचंस, आणि मला पटलं नाही तरी मी ते करायचं. सांग, सुरुवात कशाने करू?"

कर्नलला काम सांगायची तिच्या सात पिढ्यांत कुणाला सवय नव्हती. "शारजातल्या एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना फोन... कराल का?"

"'कराल का' नाही. 'करा'."

"करा," रुचा म्हणाली आणि स्वतःच लाल झाली. मृणालिनी मात्र अशी फुलली की शर्वाणींचाही चेहरा उजळला. झालं ते बरंच झालं म्हणायचं, असं म्हणत लोकांनी उरलेले वडे बांधून घेतले.

तिघं गाडीने घरी निघाली. श्रिया मागे बसली होती. रस्ता मोकळा होता, आणि श्रीनाथला हवी होती ती गोष्ट मिळाली होती. सूट फेटाळली गेली होती. पण त्याला मान वर करून आरशातसुद्धा बघवेना.

"मृणाल, मी ते बुडवायला गेलो होतो," तो शेवटी म्हणाला. "किस्से सांगून. तू संध्याकाळी घरी असावीस म्हणून."

"माहीत आहे."

"कसं?"

"सकाळपासून शर्टाचं एकच बटण चारदा लावलंस." ती बाहेर बघत होती, पण तिच्या आवाजात राग नव्हता. "तू एकदा म्हणाला असतास ना, नको करूस म्हणून, तर मला बरं वाटलं असतं. भांडलो तरी असतो. पाच महिन्यांत आपण एकदाही भांडलो नाही, श्री. पाहुण्यांशी कुणी भांडत नाही."

श्रीनाथचे डोळे भरून आले. गाडी चालवताना ते सोयीचं नसतं, म्हणून त्याने वेग कमी केला. "मला वाटायचं, तू दमली असशील."

"दमले नव्हते. घाबरले होते."

घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते. श्रीनाथने चपला काढल्या, हात धुतले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. आपण काय करणार आहोत ते त्याला नीटसं माहीत नव्हतं, पण आता थांबायचं नाही एवढं पक्कं होतं.

"ये," तो म्हणाला. "चार्ज घे."

ती आली. त्याने पहिलं फडताळ उघडलं. हे तांदूळ, रोजचे पुढे आणि सणाचे मागे. ही तूरडाळ. गॅसचं डावीकडचं बटण अडकतं, जरा वर उचलून फिरवायचं. हा पोळपाट कारामाच्या बाजारातून आणला, लाटणं आईचं. ही श्रियाची खाऊची बरणी, तिला वाटतं ती मला सापडलेली नाही. त्याने बेसिनखालची गळती दाखवली, बाल्कनीतला कढीपत्ता दाखवला, इस्त्रीवाल्या भिवाचा नंबर पाठ म्हणून दाखवला. ती प्रत्येक गोष्टीला हात लावत होती, झाकण उघडून वास घेत होती. एकेक गोष्ट देताना त्याला कळत होतं की हे सगळं त्याने किती घट्ट धरून ठेवलं होतं. इतकी वर्षं याच फडताळांनी त्याला उभं ठेवलं होतं. बायको दूर आहे हे विसरायला त्याने पोळ्या गोल करायला घेतल्या होत्या, आणि आता बायको समोर होती तरी पोळपाट सुटत नव्हता.

"आजपासून तुझं," तो म्हणाला. "म्हणजे, आपलं."

मृणालिनीने हिंगाची डबी उचलली, इकडेतिकडे पाहिलं आणि ती खिडकीजवळच्या फळीवर ठेवली. मग जरा मागे सरकून बघितलं. श्रीनाथच्या अगदी ओठांवर आलं होतं की तिथे ऊन लागतं. त्याने ते गिळलं नाही.

"तिथे ऊन लागतं," तो म्हणाला.

"लागू दे. माझा हात तिथे जातो."

"हिंग सुकेल, मृणाल."

"सुकला तर नवा आणीन!" तिचा आवाज चढला. दोघं एकमेकांकडे बघत राहिली आणि एकदम हसत सुटली. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले.

"अँड मी?"

श्रिया दारात उभी होती. हाताची घडी, कपाळावर आठी. "यू शोड हर एव्हरीथिंग. व्हॉट अबाउट मी?"

हे एक देणं त्याच्या हातात नव्हतं, आणि मृणालिनीलाही ते माहीत होतं. कढीपत्त्यासारखं ते दाखवून देता येत नव्हतं. मृणालिनी लेकीकडे बघत राहिली. आसामच्या पुरात जिचा आवाज कधी कापला नव्हता त्या बाईला आता बोलताना श्वास घ्यावा लागला.

"तुला मी मागू शकत नाही, श्रिया. मी नव्हते ना तुझ्या वाढदिवसांना. तूच सांग. किती चालेल तुला?"

"आई, स्टॉप आस्किंग मी!" श्रिया जवळजवळ ओरडली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तशी ती मराठीवर आली. "सारखं विचारतेस. फ्रिज उघडू का, तुझ्या खोलीत येऊ का. माझ्या वर्गातल्या दियाची आई तिला काही विचारत नाही, सरळ आत येते आणि ओरडते. इथे राहायला आल्यापासून तू मला एकदाही ओरडली नाहीस."

मृणालिनी ताठ झाली. श्रीनाथने तो ताठपणा सव्वीस वर्षं पाहिला होता, आणि ती कायमची आल्यापासून या घरात तो पहिल्यांदाच दिसत होता.

"केस बघ जरा तुझे," ती म्हणाली. "काय अवतार केलायस! महिनाभर तेलाचं बोट लागलेलं दिसत नाही. तो मोबाईल टेबलावर ठेव आणि इथे खाली बस. आत्ता."

"ओके," श्रिया म्हणाली, आणि नाक ओढत, धपकन आईच्या पायांशी बसली.

"आणि तू काय बघत उभा राहिलायस?" कर्नलबाई कडाडल्या. "तेल कोमट करून आण."

श्रीनाथ तेल आणायला धावला.